महानगरांची मोजणी आणि वाघोलीची वेस : नागरीकरणाच्या काही उपपत्तींचे परीक्षण

१

जगातील सर्वांत मोठे नगर कोणते, हा प्रश्न वरवर पाहता केवळ गणिताचा वाटतो. माणसे मोजावीत, आकडे उतरत्या क्रमाने मांडावेत, की उत्तर हाती येते अशी आपली समजूत असते. परंतु गेल्या काही वर्षांत या प्रश्नाच्या उत्तरात जे स्थित्यंतर घडले, त्याकडे लक्ष दिले असता ही समजूत टिकत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकसंख्या विभागाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात टोकियो (सुमारे ३ कोटी ७० लाख) पहिले, दिल्ली (सुमारे २ कोटी ९० लाख) दुसरे आणि शांघाय (सुमारे २ कोटी ६० लाख) तिसरे होते. त्याच मालिकेतील २०२५ च्या अहवालात जाकार्ता सुमारे ४ कोटी २० लाख वस्तीसह पहिले, ढाका सुमारे ३ कोटी ७० लाखांसह दुसरे आणि टोकियो ३ कोटी ३० लाखांसह तिसरे आले. पूर्वीच्या अहवालात जाकार्ताची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी पुढे होती. सात वर्षांत एखादे नगर चौपट होणे हे जन्ममृत्यूच्या किंवा स्थलांतराच्या कोणत्याही हिशेबात बसणारे नाही. बदलली ती माणसांची संख्या नसून नगराची व्याख्या होय.

पूर्वीचे आकडे ज्या त्या देशाने ठरविलेल्या प्रशासकीय वा सांख्यिकीय सीमांवर अवलंबून असत. नव्या पद्धतीत भूपृष्ठाचे एकेक चौरस किलोमीटरचे चौकोन पाडले जातात. ज्या चौकोनात किमान १,५०० माणसे राहतात असे लागोपाठचे चौकोन एकत्र करून त्यांची एकूण वस्ती ५०,००० च्या वर गेली म्हणजे त्या समूहास नगर म्हणावे, असा हा दंडक आहे. देशोदेशींच्या नगरांची तुलना करण्यास एकच माप असावे, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. तथापि हे माप स्वीकारताच नगराची महापालिका, तिची वेस, तिचे कर आणि तिचे मतदार हे सारे चित्रातून नाहीसे होते. उरते ती केवळ दाटी.

नगराची थोरवी अशा रीतीने मोजल्याने नगरामागचा समाज दृष्टीआड होतो काय, आणि होत असल्यास तो कोठे उभे राहून पाहावा, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तो प्रश्न महानगराच्या मध्यभागी उभे राहून सुटत नाही. जेथे नगर अजून पुरते नगर झालेले नाही आणि गाव पुरते गाव राहिलेले नाही, त्या कडेवर तो अधिक स्पष्ट होतो, असे आमचे मत आहे. त्यासाठी पुण्याच्या पूर्वेस, अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वाघोली हे गाव येथे उदाहरणादाखल घेतले आहे.

२

नगराच्या समाजशास्त्रीय व्याख्येचा विचार लुई वर्थ याच्या १९३८ सालच्या निबंधापासून करण्याची प्रथा आहे आणि ती गैर नाही. मोठा आकार, दाट वस्ती आणि रहिवाशांमधील विविधता या तीन गुणांनी वर्थने नगर ओळखले. या तिहींच्या योगाने नात्यागोत्याचे बंध सैल होतात, ओळखीची जागा व्यवहार घेतो, आणि नागरी जीवनाची म्हणून एक निराळी पद्धती सिद्ध होते, असे त्याचे प्रतिपादन होते. वर्थच्या डोळ्यांसमोर शिकागो होते. एका पिढीत परदेशांतून येऊन वसलेल्या माणसांचे ते नगर. त्या नगराचे वर्णन म्हणून ही उपपत्ती आजही वाचनीय आहे. अडचण येते ती हे वर्णन सर्व नगरांचा नियम म्हणून स्वीकारले जाते तेव्हा.

या नियमाला दोन बाजूंनी फार लवकर धक्का बसला. ऑस्कर लुईस याने १९५२ साली मेक्सिको शहरात जाऊन राहिलेल्या तेपोस्त्लान गावच्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या कुटुंबांतील नातेसंबंध आणि धर्माचार शहरात आल्याने ढासळलेले त्याला आढळले नाहीत. विल्यम बॅस्कम याने १९५५ साली नायजेरियातील योरुबा नगरांकडे लक्ष वेधले. इबादानची वस्ती त्या काळी साडेचार लाखांवर होती. ती दाट होती व स्थिर होती. परंतु तिच्यातील रहिवासी बहुतांशी एकाच वंशाचे होते, त्यांपैकी कितीतरी रोज शेतावर जाणारे होते, आणि नगराची बांधणी कुळांच्या वाड्यांवर झाली होती. आकार व दाटी असूनही विविधता नाही आणि नातीही तुटलेली नाहीत, असे नगर वर्थच्या चौकटीत कोठे बसवावे, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

तिसरा आक्षेप आपल्याच शहरातून आला. आशियाई देशांत औद्योगिक विकासाच्या मानाने नागरी वस्ती अधिक आहे, म्हणून तेथे ‘अति-नागरीकरण’ झाले आहे, असा सिद्धांत किंग्जले डेव्हिस व हिल्डा गोल्डन यांच्या १९५४ च्या निबंधामुळे रूढ झाला होता. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील ना. वि. सोवनी यांनी १९६४ साली त्याचे परीक्षण केले. पाश्चात्त्य देशांच्या इतिहासातही औद्योगिकीकरण व नागरीकरण यांचे प्रमाण निश्चित असे राहिलेले नाही. मग ज्या मापाने आशियाई नगरांना ‘अति’ ठरवावयाचे ते माप आणावयाचे कोठून, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. सोवनींच्या या युक्तिवादाचे महत्त्व आज कमी झालेले नाही. एका समाजाच्या इतिहासातून काढलेले प्रमाण दुसऱ्या समाजावर लादले की मग दुसरा समाज सदोष दिसू लागतो. १,५०० माणसांचा चौकोन हे नवे माप तितके पक्षपाती नाही हे खरे. परंतु एकाच मापाने सर्वांस मोजल्याने सर्वांची घडण एकच आहे असा जो भास निर्माण होतो, त्याबाबत सोवनींचा इशारा येथेही लागू पडतो.

३

नगराच्या कडेवरील जीवनाचा विचार भारतीय समाजशास्त्राला नवीन नाही, आणि त्याचे एक महत्त्वाचे क्षेत्र वाघोलीच्या परिसरातच आहे. पेशवाई संपल्यावर थोड्याच वर्षांत थॉमस कोट्स या इंग्रज शल्यवैद्याने पुण्यापासून काही कोसांवरील ‘लोणी’ या गावाची तपशीलवार पाहणी केली. मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या १८२३ च्या खंडात तो वृत्तांत छापला गेला. ते गाव म्हणजे वाघोलीच्या पुढचे, त्याच रस्त्यावरील लोणीकंद. गो. स. घुर्ये यांनी सव्वाशे वर्षांनंतरच्या लोणीकंदाचा पुन्हा अभ्यास करून १९६० साली ग्रंथ लिहिला, आणि १९६३ साली हवेली तालुक्याच्या आधारे ग्रामनागर समाजाची चिकित्सा करणारा दुसरा ग्रंथ प्रसिद्ध केला. गाव, बाजाराचे ठिकाण आणि शहर ही परस्परांपासून तुटक नसून एकाच जाळ्याच्या गाठी आहेत, ही त्यांची दृष्टी होती.

‘हवेली’ या तालुक्याच्या नावातच ही दृष्टी अंतर्भूत आहे, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. जुन्या महसुली परिभाषेत मुख्य ठाण्याच्या भोवतालच्या मुलखास हवेली म्हणत. म्हणजे शहराचा भोवताल ही स्वतंत्र ओळख असलेली वस्तू आपल्याकडे मुलकी कारभाराने फार पूर्वीच मानली होती. शहर आणि खेडे असे दोनच खाने मांडणे हे नंतरच्या जनगणनेचे काम होय.

पुढे १९९१ साली टेरी मॅक्गी याने इंडोनेशियाच्या भाषेतील दोन शब्द जोडून ‘देसाकोटा’ ही संज्ञा रूढ केली. ‘देसा’ म्हणजे गाव आणि ‘कोटा’ म्हणजे शहर. या दोन्ही शब्दांत आपले ‘देश’ आणि ‘कोट’ ओळखू येतात. जावा बेटावर भातखाचरांच्या मध्ये कारखाने, कारखान्यांच्या मध्ये वस्त्या, आणि त्याच कुटुंबातील एक जण शेतात तर दुसरा कारखान्यात, असे जे मैलोगणती पसरलेले मिश्र जीवन आहे, त्याचे हे नाव. २०२५ च्या यादीत जाकार्ता पहिले आले ते या भूमीमुळे. प्रशासकीय सीमेबाहेरची वस्ती नगरात मोजली जाताच नगर चौपट झाले.

घुर्ये यांची ग्रामनागर समाजाची कल्पना मॅक्गीच्या जवळजवळ तीन दशके आधीची आहे. आपल्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांत देसाकोटा शिकविला जातो आणि हवेली तालुका वगळला जातो, ही विसंगती दूर होणे इष्ट आहे. परंतु केवळ प्राधान्याचा मान मिळवून देणे हा समीक्षेचा हेतू असू नये. या दोन्ही कल्पना वाघोलीस लागू पडतात काय, हे पाहिले पाहिजे. मॅक्गीची कल्पना दाट वस्तीच्या, पाण्याने समृद्ध अशा भातशेतीवर उभी आहे. शहर तेथे पोहोचण्यापूर्वीच माणसांची दाटी तेथे होती. वाघोलीचे तसे नाही. सह्याद्रीपासून पूर्वेकडे जावे तसा पाऊस उणावत जातो. हा भाग ज्वारी-बाजरीचा, मुरमाड माळांचा आणि उथळ मातीखाली पसरलेल्या काळ्या पाषाणाचा. येथील दाटी शेतीने निर्माण केलेली नाही. ती शहराच्या गरजेने निर्माण केली, आणि पहिली गरज होती दगडाची.

४

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाने परिचित झालेल्या परिभाषेत गावाचे दोन भाग असतात. घरे असलेली ती पांढरी आणि पिकाखालची ती काळी. कर, मान, पूजा आणि वाद या सर्वांची विभागणी या दोहोंच्या आधारे होई. वाघोलीच्या पांढरीला इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात शाहू महाराजांच्या पदरी नावारूपास आलेले सरदार पिलाजी जाधवराव यांची समाधी येथे आहे. वाघेश्वराचे देवालय हे गावाचे दैवतस्थान आहे. म्हणजे पुण्याच्या राजकीय उत्कर्षाशी या गावाचा संबंध आधुनिक विस्ताराच्या दोन शतके आधीपासूनचा आहे.

काळी आणि पांढरी या दोहोंतही न बसणारी तिसरी भूमी म्हणजे खाण. वाघोली, भावडी व लोणीकंद या पट्ट्यात खडक फोडून डबर काढणे आणि क्रशरवर खडी तयार करणे हा मोठा व्यवसाय झाला. पुण्यातील रस्ते आणि काँक्रीटच्या इमारती ज्या खडीवर उभ्या आहेत, तिचा मोठा वाटा या पट्ट्याने पुरविला. या खाणींवर पिढीजात दगडकाम करणारे वडार समाजाचे लोक आले, तसेच मराठवाड्यातून व परप्रांतांतून दुष्काळाने किंवा भूमिहीनतेने निघालेली इतर कुटुंबेही आली. खाणीच्या काठावरच त्यांच्या पालांची व झोपड्यांची वस्ती झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘संतुलन’ या संस्थेने खाणींच्या आवारातच ‘पाषाणशाळा’ चालविल्या, कारण गावातील शाळा या मुलांच्या वाट्याला येत नव्हती. याच गावात ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने लातूर-धाराशिव भागातील मुलांच्या शिक्षणासाठी निवासी संकुल उभारले. म्हणजे नगराच्या कडेवर केवळ नगराचाच विस्तार होत नाही. दूरच्या मुलखातील आपत्तीही तेथे येऊन स्थिरावते.

येथे जनगणनेच्या व्याख्येतील एक विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. भारतीय जनगणनेत वैधानिक नागरी संस्था नसलेल्या वस्तीस नगर म्हणण्यास तीन अटी आहेत. लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात असणे. या तिसऱ्या अटीत खाणकामगाराची गणना शेतीबाहेरचा म्हणून होते. म्हणजे तो आपल्या अस्तित्वाने गावाला कागदोपत्री शहराच्या जवळ नेतो. त्याला स्वतःला मात्र शहराचे पाणी, शाळा वा घर यांपैकी काही त्यामुळे मिळत नाही. वर्थच्या तीन गुणांपैकी विविधता हा गुण येथे पुरेपूर आहे. परंतु ती विविधता समान पातळीवरील व्यक्तींची नाही.

या विषमतेचे वर्णन करण्यास परकी संज्ञा शोधण्याची गरज नाही. दख्खनच्या गावात मिरासदार आणि उपरी असा भेद असे. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क, गावात मान आणि पंचायतीत आवाज. उपरी हा कसणारा, पण पाहुण्यासारखा. इंग्रजी रयतवारीने हा भेद कायद्यातून पुसला. वाघोलीत तो नव्या रूपात दिसतो. जमीन विकून किंवा बिनशेती करून घेऊन मूळ कुटुंबे घरमालक, ठेकेदार व पुढारी झाली. खराडी आणि त्यापलीकडील संगणक कंपन्यांत काम करणारी कुटुंबे गृहसंकुलांतील सदनिकांची मालक झाली. त्यांना मिळकतीचा हक्क आहे, परंतु गावाच्या कारभारात ती उपरीच. खाणकामगाराजवळ यांपैकी काहीच नाही. उपऱ्यांचे हे दोन वर्ग एकमेकांना फारसे ओळखतही नाहीत. एकाच्या इमारतीची खडी दुसऱ्याने फोडली आहे, एवढाच त्यांचा संबंध.

५

याच हवेली तालुक्यातील दुसऱ्या एका अनुभवाशी वाघोलीची तुलना केल्यास समाजरचना नगराला कसा आकार देते हे अधिक स्पष्ट होईल. सोलापूर रस्त्यावरील हडपसर येथे मगर आडनावाची, परस्परांच्या भाऊबंदकीतील शेतकरी कुटुंबे होती. महापालिकेच्या हद्दीत आलेली आपली जमीन तुकड्यातुकड्याने बाहेरच्यांच्या हाती जाण्यापूर्वी त्यांनी ती एकत्र केली. सुमारे १२० कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन कंपनीच्या स्वरूपात घालून जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले, आणि २००० सालापासून तेथे मगरपट्टा ही योजनाबद्ध वसाहत उभी राहिली. शेतकरी त्या वसाहतीचे भागीदार राहिले.

वाघोलीत असे का घडले नाही, याची कारणे केवळ नेतृत्वात शोधणे पुरेसे नाही. हडपसरच्या जमिनीला मुठा कालव्याचे पाणी होते. ती लागोपाठची, मोलाची आणि एका भावकीच्या ताब्यातील होती. एकत्र राहण्यातला लाभ त्यामुळे उघड दिसत होता. वाघोलीला कालवा नाही. जिरायत माळ, गायरान आणि खाणी यांनी तुटलेली जमीन ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे, कधी गुंठ्यांनी, विकली. एका उदाहरणावरून नियम काढणे शास्त्रीय ठरणार नाही, हे आम्ही जाणतो. तसेच मगरपट्ट्याची भागीदारी जमीनमालकांपुरतीच होती, त्या जमिनीवर राबणाऱ्या मजुरांना तीत स्थान नव्हते, हेही विसरता येत नाही. तथापि एक गोष्ट दोन्ही उदाहरणांवरून म्हणता येते. नात्यागोत्याचे बंध नगरात आल्यावर तुटतात, हा वर्थचा नियम येथे उलट झालेला दिसतो. भावकी नगरात लोप पावली नाही. कोठे तिने नगर बांधले, कोठे ती नगराच्या व्यवहारात विखुरली गेली. आकार, दाटी व विविधता यांच्याइतकेच पाणी, जमिनीचा सलगपणा व नात्याचा पसारा हेही नगराचे शिल्पकार आहेत.

६

नगर आपल्या कडेवरील गावाला कोणत्या रीतीने पोटात घेते, यावर त्या समाजाच्या राजकीय संस्कृतीची छाप असते. या बाबतीत जगातील महानगरांचा अनुभव एकसारखा नाही. टोकियोचे पूर्वरूप एदो. तेथे सरदारांना आळीपाळीने राहण्याची आणि आपली कुटुंबे कायम ठेवण्याची सक्ती १६३५ पासून होती. या एका राजकीय नियमाने ते नगर अठराव्या शतकात दहा लाखांवर गेले, आणि नगराच्या भूमीचा बहुतांश भाग सरदारांच्या वाड्यांनी व्यापला. पुढे १९३२ साली टोकियो शहराने भोवतालची ८२ गावे व उपनगरे एकदम सामावून घेतली व त्यांना नगराच्या प्रभागांचे रूप दिले. चीनमधील शेंझेन येथे ग्रामीण जमिनीची मालकी गावाच्या सामूहिक संस्थेकडे असल्याने जुनी गावे नगराच्या पोटात गावे म्हणूनच टिकली, आणि कुटुंब-नोंदणीच्या पद्धतीमुळे नगराचे हक्क न मिळालेल्या लाखो कामगारांना त्यांनी भाड्याने आसरा दिला. दिल्लीत गावठाणाभोवतीची लाल डोऱ्याची जुनी महसुली रेषा नगरनियोजनातही गावाचे वेगळेपण राखून राहिली. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच होता, उत्तरे मात्र त्या त्या समाजाच्या जमिनीविषयक व राजकीय कल्पनांतून आली.

पुण्याचे उत्तर काय आहे? १९५० साली स्थापन झालेल्या पुणे महानगरपालिकेने १९९७ मध्ये, २०१७ मध्ये आणि ३० जून २०२१ रोजी अशी टप्प्याटप्प्याने भोवतालची गावे सामावून घेतली. शेवटच्या टप्प्यात वाघोलीसह २३ गावे आली आणि पुणे हे क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठे महापालिका-शहर ठरले. गाव महापालिकेत येताच ग्रामपंचायत संपुष्टात आली. विकास आराखड्यासाठी जुलै २०२१ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नेमणूक झाली, तर रस्ते, पाणी व कचरा यांची जबाबदारी महापालिकेकडे राहिली. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपून तेथे प्रशासक आला, आणि पुढील निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. म्हणजे साडेचार वर्षे वाघोलीचे स्थान असे होते की गावाचा सरपंच नाही आणि नगराचा आपला नगरसेवकही नाही. या काळात गृहसंकुलांचे पाणी टँकरवर आणि रस्त्याची कोंडी नित्याची राहिली. गाऱ्हाणे मांडावयाचे ते निवडून न आलेल्या अधिकाऱ्यापुढे.

या स्थितीस केवळ प्रशासकीय दिरंगाई म्हणणे अपुरे आहे. तिच्यामागे एक कल्पना आहे. नगर म्हणजे प्रथम सीमा आणि कर, नंतर रस्ते व नळ, आणि सर्वांत शेवटी प्रतिनिधित्व, असा हा क्रम आहे. युरोपातील मध्ययुगीन नगर ही आपापसांत शपथेने बांधलेल्या नागरिकांची संस्था होती, असे मॅक्स वेबरने मांडले आणि आशियाई नगरांत ती संस्था नव्हती असे म्हटले. वेबरचे हे विधान जसेच्या तसे मान्य करणे कठीण आहे. पेशवाईतील पेठांना शेटे व महाजन होते, पेठ वसविताना रहिवाशांना सवलती मिळत, म्हणजे वसणाऱ्याशी काही एक करार होत असे. परंतु पेठ वसविताना होणारा तो करारही वाघोली नगरात येताना झाला नाही, ही गोष्ट वेबरच्या टीकाकारांनीही लक्षात घेतली पाहिजे.

७

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. वाघोलीसारख्या एका गावाचा अनुभव घेऊन टोकियो वा जाकार्ता यांविषयी काय सांगता येणार? आक्षेप वाजवी आहे. एका गावावरून महानगरांचा सिद्धांत बांधता येत नाही, आणि तसा दावाही येथे केलेला नाही. परंतु महानगरांच्या यादीत कोणाचा क्रमांक कितवा हे ज्या कडेवरील वस्तीला मोजण्या-न मोजण्यावर अवलंबून आहे, त्या वस्तीची अंतर्गत घडण पाहिल्याशिवाय यादीचा अर्थ लागत नाही, एवढे मात्र निश्चित म्हणता येते. दाटी सारखी असलेल्या दोन वस्त्यांपैकी एकीत कडेवरचा माणूस नागरिक असतो आणि दुसरीत तो केवळ रहिवासी असतो. १,५०० चा चौकोन हा फरक दाखवीत नाही. वर्थच्या व्याख्येतही तो नाही. घुर्ये यांच्या जाळ्याच्या कल्पनेत गावाचा शहराशी संबंध आहे, पण त्या संबंधात अधिकार कोणाकडे, हा प्रश्न पुरेसा पुढे येत नाही. म्हणून महानगराच्या तुलनात्मक अभ्यासात आकार, दाटी व विविधता यांच्या जोडीस चौथी कसोटी घालावी, असे आम्ही सुचवितो. नगरात मोजला गेलेला माणूस किती काळात आणि कोणत्या मार्गाने नगराच्या कारभारात आवाज असलेला माणूस होतो, ही ती कसोटी होय.

या कसोटीचा उपयोग करण्यास आपल्या विभागापुढे एक सुयोग्य क्षेत्र आहे. कोट्सचा १८२३ मध्ये छापलेला वृत्तांत, घुर्ये यांचे १९६० व १९६३ चे ग्रंथ, आणि पुणे शहराविषयी धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले संस्थेने १९४५ व १९५२ साली प्रसिद्ध केलेली पाहणी, इतकी दीर्घ व सलग साधनसामग्री जगातील फार थोड्या नगरांच्या कडेविषयी उपलब्ध असेल. भारतात २०११ नंतर जनगणना झालेली नाही. पुढील जनगणनेची गणनातिथी १ मार्च २०२७ ही आहे, आणि नगराचा भाग म्हणून वाघोलीची पहिली शिरगणती तीत होईल. वनाज ते रामवाडी हा मेट्रोमार्ग मार्च २०२४ मध्ये पूर्ण सुरू झाला असून रामवाडीपासून वाघोलीच्या विठ्ठलवाडीपर्यंतच्या विस्तारास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. मेट्रो आल्यावर जमिनीचे मोल आणि रहिवाशांची रचना पुन्हा पालटेल, आणि आज जे प्रत्यक्ष पाहता येते ते उद्या केवळ स्मरणातून गोळा करावे लागेल.

म्हणून वाघोली ते लोणीकंद या पट्ट्याची घरोघर पाहणी मेट्रोपूर्वीच व्हावी. तीत मूळ कुटुंबे, सदनिकाधारक आणि खाणवस्तीतील कुटुंबे या तिन्ही वर्गांस समान स्थान असावे. जमीन कोणी, केव्हा व कोणास दिली, पाणी कोठून व किती दराने येते, मतदारयादीत नाव आहे की नाही, मूल कोणत्या शाळेत जाते, आणि गाऱ्हाणे कोणाकडे नेले जाते, हे पाच प्रश्न तरी प्रत्येक घरी विचारले जावेत. खाणवस्तीत कुटुंबे काम संपताच दुसरीकडे जातात. तेव्हा तेथील पाहणी प्रथम व पावसाळ्यापूर्वी करणे सोयीचे होईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका तुकडीस एका वर्षात हे काम झेपण्यासारखे आहे.